अंडी वर

टोबिनला खोटी बेरीज चालत नाही.
सोळा वर्षांचा आहे, बुटांच्या नाड्या अजून मीच बांधते,
पण आकडा चुकला की कानांवर हात ठेवून
तो टेबलाखाली जातो
आणि आकडा सुधारेपर्यंत येत नाही.

मंगळवारी आमचा 'घर चालवणं' हा तास.
कागदी नोटा, प्लास्टिकची नाणी (पदरमोड करून आणलेली),
चार रंगांची पाकिटं: भाडं, खाणं, गाडी, बाकी.
पुस्तकातल्या बाईचं नाव जेन. भाडं सातशे डॉलर.
या खोऱ्यात एवढ्यात घर शेवटचं कुणाला मिळालं
ते आमच्या म्हाताऱ्या शिपायालाही आठवत नाही.
"जेन कुठे राहते?" टोबिननं विचारलं.
कुठेच नाही, ती पुस्तकात असते.
"मग तुम्ही?"

घाटापलीकडे, म्हटलं. अठ्ठावन्न मैल.
पहाटे साडेचारला निघते,
रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या ट्रकच्या मागोमाग,
त्याच्या पिवळ्या दिव्याचं बोट धरून.

त्यानं फळ्यावरची जेन पुसली. मला लिहिलं.

पगार सांगितला. भाडं सांगितलं.
पेट्रोल, बर्फातले टायर, आणि ते कॉलेजचं कर्ज,
ज्याच्या जोरावर मी शिकले
की प्रत्येक मुलाला त्याच्या चालीनं न्यावं.
रोझाली बोलत नाही. तिनं नोटा मोजल्या
आणि चित्रांच्या पाटीवर बोट ठेवलं: 'संपलं.'
पुन्हा: 'संपलं.'
ते चित्र मी तिला दुधाच्या पेल्यासाठी शिकवलं होतं.
'बाकी'चं पाकीट कुणी उघडलंही नव्हतं.

टोबिन टेबलाखाली गेला.
बाहेर ये, म्हटलं.
"आधी आकडा दुरुस्त करा."
मग मीही वाकून आत शिरले, बसले त्याच्या शेजारी.
दुसरं काय करणार?

मंडळाच्या सभेत तीन टक्के वाढ जाहीर झाली
त्याच आठवड्यात घरमालकाची चिठ्ठी आली, नऊ टक्क्यांची,
खाली पेनानं काढलेला हसरा चेहरा.
सभेत एक गृहस्थ म्हणाले (भले आहेत, दर मे महिन्यात आम्हाला डोनट पाठवतात),
"तुमचं काम म्हणजे देवाचं काम."
देवाला भाडं नसतं.
हे मी तिथे बोलले नाही.
गाडीत बोलले, घाट चढताना, मोठ्यानं, दोनदा.

वर उतारावर ज्यांची घरं आहेत
ते नाताळात दहा दिवस येतात.
त्यांच्या अंगणाखाली गरम पाण्याच्या नळ्या आहेत.
कुणी नसताना, कुणासाठीच नाही,
रात्रभर तिथला बर्फ वितळत राहतो,
आणि कोरड्या, उबदार फरशीवर कोल्हे येऊन झोपतात.
कोल्ह्यांवर माझा राग नाही.

नोव्हेंबरपासून मी गुरुवार ते शनिवार
किराणा दुकानात, गल्ल्यावर. हिरवा एप्रन, छातीवर नाव.
पिशव्या भरायला, शाळेच्याच योजनेतून, टोबिन.
तासाचे पैसे दोघांना सारखे.
त्यानं दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून तपासलं
आणि मान हलवली: बरोबर.
जड ते खाली, नाजूक ते वर,
हे मी त्याला दोन वर्षं घोटून घेतलं होतं, रिकाम्या डब्यांवर.

काल रात्री रांग दारापर्यंत गेली.
स्कीचे बूट न काढलेली माणसं, वाइन, चीज, चीज.
अकराला घाट बंद होणार, असं रेडिओवर सांगत होते.
मी हात मोकळा करायला अंड्यांचं खोकं
घाईनं पिशवीच्या तळाशी सारलं.

त्यानं माझं मनगट धरलं.
तो कुणाला हात लावत नाही.

रांगेतल्या कुणीतरी घड्याळ पाहिलं.
त्यानं अख्खी पिशवी रिकामी केली,
टोमॅटोचे डबे लावले, मग दूध, मग पाव,
आणि माझ्याच आवाजात,
चिडायचं नाही असं ठरवून मी रोज बोलते
त्याच संथ आवाजात म्हणाला,
"मिस ऑस्टगार्ड, घाई नाही.
पुन्हा करू या.
अंडी वर."